थर्ड शिफ्टला बँड झोपच दाखवत नाही: आधी गेज तपासा, मग पार्ट

दर तिसऱ्या आठवड्याला आमच्या घरात तोच संवाद होतो. थर्ड शिफ्ट संपवून मी सकाळी घरी येतो, आंघोळ आणि पोहे उरकून पावणेनऊला आडवा होतो, दोनला उठून ताटावर बसतो आणि सवयीनं मनगटाकडं बघतो. मनगटावरच्या फिटनेस बँडवर आकडा असतो, झोप ० तास ० मिनिटं. बायको तव्यावरची भाकरी उलटत विचारते, "अहो, मग पाच तास घोरत कोण होतं?"

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडं मशीनिंग होतं आणि माप बसलं की नाही ते माझ्या टेबलावर ठरतं. शॉपमधल्या निम्म्या पोरांकडं आता बँड आहे. 'झोप दाखवत नाही', 'झोप तुकड्यात दाखवतो', 'गाढ झोप वीसच मिनिटं, काय आजार असंल का?' हे प्रश्न चहाच्या वेळी रोज निघतात. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा मी काय काय तपासलं ते एकदाच सगळं लिहितो.

आधी कबुली. सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. बँड बंद-चालू केला. ॲप काढून परत टाकलं आणि त्यात चार महिन्यांची जुनी माहिती घालवून बसलो, कारण खातं जोडलेलंच नव्हतं. तुम्ही ॲप काढणार असाल तर एवढं आधी बघा. मग वॉरंटीत बँडच बदलून घेतला. दुकानातल्या पोरानं "पीस खराब असंल काका" म्हणत नवा दिला. तीन आठवड्यांनी नव्यावरही शून्य.

तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. ऑपरेटर पार्ट घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, बोअर मोठं झालंय." बोअर म्हणजे पार्टमधलं भोक. मी पहिल्यांदा विचारतो, ते मोजायचं गेज आधी सेटिंग रिंगला, म्हणजे नेमकं माप ठाऊक असलेल्या कड्याला, लावून बघितलंस का? आणि इथं मी, गेज नेमकं काय मोजतंय हे न बघताच ते टाकून दुसरं आणलं होतं.

लक्षण एक नव्हतं, तीन होती

आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. त्याच्या चौकोनांत बायको दुधाचा हिशोब लिहिते. त्याच चौकोनात खाली पेन्सिलीनं मी रोज झोपेची वेळ टाकायला लागलो: '८.५० ते २', '१२.४० ते ७, मध्ये एकदा उठलो'. घड्याळ बघत बसायचं नाही, उठल्यावर अंदाजानं लिहायचं. तीन आठवडे झाल्यावर पेन्सिलीचे आकडे आणि बँडचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा कळलं की मी ज्याला 'बँडचा घोळ' म्हणत होतो त्यात तीन वेगळे दोष मिसळलेले होते. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात शून्य. सेकंडच्या आठवड्यात झोप दाखवायची, पण पहाटे तीन-चारच्या सुमारास भगदाड. आणि शिफ्ट कुठलीही असली तरी अधूनमधून एखादी रात्र सकाळी दिसायची नाही, संध्याकाळी आपोआप उगवायची.

हे वेगळं करणं हीच निम्मी दुरुस्ती. शून्य दिसत असेल तर बहुतेक वेळा ॲप दिवस कुठून कुठवर धरतंय हा प्रश्न असतो. भगदाड पडत असेल तर पट्टा आणि काच बघा. उशिरा उगवत असेल तर दोष फोनकडं. नोंद न ठेवता तिन्हीवर एकच उपाय करत राहिलात तर माझ्यासारखे दोन महिने जातील.

गेज मोजतं तरी काय

बँडला झोप कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात, मनगट हललं का आणि नाडी कशी चाललीय. हालचालीसाठी आत एक इवलासा ॲक्सेलरोमीटर असतो. नाडीसाठी पाठीमागं हिरवे दिवे आणि त्यांच्या शेजारी प्रकाश टिपणारा डोळा. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक नळ्यांमध्ये रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो, ठोका सरला की पुन्हा वाढतो. या चढ-उतारावरून ठोके, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतंय ते. या दोन-तीन धाग्यांवरून आतलं गणित अंदाज बांधतं की हा माणूस आता हलक्या झोपेत, आता गाढ, आता स्वप्नात.

खरी झोप मोजायची असते ती डोक्यात. झोपेच्या प्रयोगशाळेत पॉलिसोम्नोग्राफी करतात तेव्हा मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूचा ताण, श्वास, छाती-पोटावरचे पट्टे, ऑक्सिजन हे सगळं रात्रभर नोंदवतात आणि मग तंत्रज्ञ ती रात्र ३०-३० सेकंदांच्या तुकड्यांत वाचतो. स्वप्नांच्या झोपेला आरईएम म्हणतात ते डोळ्यांवरूनच. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतल्या माणसाचे डोळे मध्येच भराभर फिरतात हे छापून आणलं. आता मनगटाला डोळे दिसायचे कसे? तेव्हा आरईएमचा आकडा बँडवर वाचताना तो दुसऱ्या खोलीतून कानोसा घेऊन सांगितलेला आहे हे धरून चाला.

पट्टा, काच, बांगड्या

सेकंड शिफ्टच्या भगदाडाचा शोध मी लावला नाही, बायकोनं लावला. एका रात्री मला हलवून म्हणाली, "भिंतीवर काय लुकलुकतंय हिरवं?" खोलीत मिट्ट काळोख, माझा हात उशीवर, आणि मनगट व बँड यांच्या फटीतून हिरवा प्रकाश निसटून भिंतीवर पडत होता. हात हलला की ठिपका कपाटावर जायचा. जो प्रकाश भिंतीवर पडतोय तो माझ्या रक्तात जात नव्हता, आणि खोलीत उजेड असला की तो त्याच फटीतून उलटा आत शिरत असणार.

कारण साधं होतं. दिवसा घामानं चिकचिकतो म्हणून मी पट्टा एक भोक सैल ठेवायचो आणि तो सरकून मनगटाच्या हाडावर यायचा. झोपताना तो घट्ट करायचा असतो हे कधी डोक्यातच आलं नाही. आता झोपण्याआधी बँड हाडापासून दोन बोटं वर, कोपराकडं सरकवतो आणि एक भोक घट्ट करतो. घट्ट म्हणजे किती? हात झटकला तर बँड जागचा हलू नये, पण उठल्यावर कातडीवर खोल वण राहू नये. फार आवळलं तर रक्तच दाबलं जातं आणि आकडा पुन्हा बिघडतो. या एका भोकानं माझी तीन-चारच्या दरम्यानची भगदाडं जवळजवळ संपली.

आमच्यासारख्या लोकांसाठी दुसरी गोष्ट काच. मोल्डिंगची काळी वाळू, कूलंट, हाताचं तेल, यांचा पाठीमागच्या काचेवर एक पातळ थर बसतो. उजेडात तिरका धरून बघा, पेट्रोलच्या थेंबासारखा रंगीत दिसतो. ओल्या मऊ फडक्यानं पुसून कोरडा करायचा, बस्स. आमच्यातल्या एकानं शॉपमधल्या सवयीनं थिनर लावला आणि काच कायमची दुधाळ करून घेतली. आणि हो, लेथवर, ड्रिलवर बँड घालून उभं राहू नका. तो काढून लॉकरला ठेवा, झोपेचा आकडा हातापेक्षा मोठा नाही. लॉकरमध्ये ठेवलेला बँड मध्येच ठोके दाखवायला लागला तर घाबरू नका. केळ्याला बांधला तरी काही बँड ठोके दाखवतात. प्रकाश परत आला आणि थोडा हलला की गणित त्यात नाडी शोधतं.

भाच्यानं माझ्या आईलाही एक बँड आणून दिला. आईच्या डाव्या मनगटावर जुनं गोंदण आहे आणि हातात काचेच्या बांगड्या. बँड डाव्या हाताला बांधला तर नाडीच लागेना, लागली तर कधी ४५ कधी १३०. गोंदणाची शाई प्रकाश शोषते, त्यामुळं खालच्या रक्ताचा पत्ता लागत नाही. उजव्या हातावर घातला तर नाडी लागली, पण रात्री कूस बदलली की बांगड्या बँडवर आपटायच्या आणि दर वेळी 'जागरण' लागायचं. मी म्हटलं रात्री बांगड्या काढून ठेव. आई म्हणाली, "रिकाम्या हातानं झोपू व्हय रं लेका?" शेवटी बँड बांगड्यांच्या वर, कोपराकडच्या बाजूला घातला. हात खाली सोडला की बांगड्या पंजाकडं येतात, बँड वर राहतो. चालतंय.

शून्याचा उलगडा

आता मुख्य दुखणं. बरीच ॲप 'रात्र' म्हणजे रात्रच धरतात. संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत जी मोठी झोप सापडेल ती 'आजची झोप', बाकीची असलीच तर डुलकी. काही बँड दिवसाची झोप नोंदवतच नाहीत, काहींत ती नोंदवायचं बटण बंद असतं, आणि काही सलग तीनेक तास झोप झाल्याशिवाय तिचे टप्पे पाडत नाहीत. माझं काय व्हायचं बघा. थर्डला जाण्याआधी मी संध्याकाळी सात ते सव्वानऊ पडायचो. बँड ते पकडायचा, २ तास ११ मिनिटं, आणि त्यालाच त्या रात्रीची झोप म्हणायचा. मग सकाळची पाच तासांची खरी झोप त्यानं धरलेल्या वेळेच्या बाहेर पडायची. ज्या दिवशी संध्याकाळी पडलो नाही त्या दिवशी शून्य. वर ॲपचा शेरा: 'तुम्ही नियमित वेळी झोपत नाही.' अरे भावा, मला सुपरवायझरनं पाठवलंय!

माझ्या ॲपमध्ये झोपेची वेळ आपण ठरवून द्यायची सोय होती, ती मी दोन वर्षं 'रात्री १० ते सकाळी ६' अशी, आली तशी ठेवलेली. आता शिफ्ट बदलते त्या दिवशी, डब्याबरोबर, ती पण बदलतो. थर्डच्या आठवड्यात सकाळी ८ ते दुपारी ३. दिवसाच्या डुलकीचं बटणही चालू केलं. तुमच्या बँडमध्ये हे नसेल तर 'झोपायला चाललो' असं हातानं सांगायचं बटण आहे का बघा, किंवा झोप मागाहून हातानं भरायची सोय. दोन्ही नसेल तर दिवसाच्या झोपेपुरता तो बँड तुमच्या कामाचा नाही. तो बदलून तोच आणू नका.

तारखेची एक गंमत लक्षात ठेवा. बहुतेक ॲप झोप ज्या दिवशी संपते त्या तारखेला टाकतात. थर्डवाल्याची सोमवारी संध्याकाळची आणि मंगळवारी सकाळची झोप वेगळ्या दिवसांत पडते आणि दोन्ही दिवस उपाशी दिसतात. म्हणून मी २४ तासांची बेरीज करतो, दुपारी दोन ते दुसऱ्या दिवशी दुपारी दोन. कॅलेंडरचा चौकोन त्यासाठी पुरतो.

आणि बँड कितीही 'शून्य' म्हणाला तरी एक पुरावा सहसा त्याच्याच पोटात असतो. ॲपमध्ये झोपेचं पान सोडून नाडीचं पान उघडा, चोवीस तासांचा आलेख. झोप तिथं दरीसारखी दिसते. माझा आलेख सकाळी आठपर्यंत ८० च्या आसपास डोंगर-डोंगर असतो, नऊला उतार लागतो, दहा ते एक ५८-६० ला सपाट, दोनला परत चढ. झोपेचं पान कोरं असलं तरी दरी तिथंच असते. त्यासाठी नाडी अर्ध्या तासाला एकदा न घेता सतत घेण्याची सेटिंग ठेवावी लागते. बॅटरी लवकर संपते, पण निदान होईपर्यंत चालवून घ्या.

फोनचं काय

हे पटकन सांगतो. झोप बँडमध्ये साठते आणि नंतर फोनवर उतरते. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागं चाललेली ॲप मारून टाकतात, म्हणून सकाळी काही दिसत नाही आणि संध्याकाळी ॲप उघडलं की सगळं येतं. त्या ॲपपुरती बॅटरीची बचत बंद करा, आपोआप सुरू व्हायची परवानगी द्या, ब्लूटूथ चालू ठेवा. जुना फोन पोराला खेळायला दिला असेल तर त्यातून बँड काढून टाका, नाहीतर तो कधी या फोनला चिकटतो कधी त्या. रात्री झोपताना बँडची बॅटरी अगदी तळाला नको. कमी बॅटरीत काही बँड आधी नाडी घेणंच सोडतात. चार्जिंगची वेळ आंघोळीची ठेवा. एवढं करून अर्ध्या तक्रारी मिटतात, पण त्या कंटाळवाण्या अर्ध्या.

गाढ झोप वीसच मिनिटं

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथंच माणसं उगीच घाबरतात. आमच्या धंद्यात गेजची परीक्षा असते. तोच पार्ट, दोन गेज, दोन माणसं, आकडे जुळतात का बघायचे. मी शेजारच्या लाइनवरच्या मित्राचा दुसऱ्या कंपनीचा बँड मागून घेतला आणि चार रात्री दोन्ही हातांत दोन बँड घालून झोपलो. बायको म्हणाली आता पायात पण घाला. चारही रात्री एकूण झोपेचा वेळ दोघांत दहा-पंधरा मिनिटांच्या आत जुळला. गाढ झोप मात्र एकावर ४० मिनिटं तर दुसऱ्यावर दीड तास, त्याच रात्री, त्याच माणसाची. मग मी कोणाला मानू? गेज एकूण लांबीला ठीक आहे, आतल्या खाचांना नाही, असा शेरा मारून मी तो आकडा बघायचं सोडलं.

गाढ झोप वयाबरोबर कमी होत जाते आणि ती बहुतेक रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात येते, स्वप्नांची झोप पहाटेकडं. म्हणून उशिरा झोपून लवकर उठलात तर स्वप्नांची झोप आधी कापली जाते. हे समजायला पुरे. एका रात्रीच्या आकड्यावरून उद्याचा दिवस ठरवू नका. महिन्याचा कल बघा, तोही त्याच बँडचा त्याच बँडशी. बँड रोजच्या झोपेला जे मार्क देतो त्यांच्या काळजीनंच ज्यांची झोप उडते अशा लोकांसाठी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' हा शब्द काढला. आमच्या पॅकिंगमधला एकजण तसा झालाय. रात्री दोनला उठून 'किती झाली' ते बघतो.

जे उरलं ते खरं होतं

गेज दुरुस्त झालं, ॲपमधली झोपेची वेळ बदलली, पट्टा घट्ट झाला. मग थर्डच्या आठवड्यात दिसायला लागलं ४ तास ४० मिनिटं, ५ तास, ४ तास ५० मिनिटं. पेन्सिलीचा आकडाही तोच. आता मात्र पार्टच मापाबाहेर होता. प्रौढ माणसाला सातेक तास लागतात, संध्याकाळी पडलो नाही त्या दिवशी मी दोन तास कमी पडत होतो.

दिवसा झोप तुटते याला आळस-बिळस कारण नाही. शरीराचं आतलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि दिवस चढेल तसं चढतं, जागं राहण्याचा जोर त्याच्याबरोबर चढतो. सकाळी नऊला आपण झोपायला जातो तेव्हा शरीराचं घड्याळ उठायची घंटा वाजवत असतं. त्यात शिफ्ट सुटल्यावर ऊन डोळ्यांत घेत हायवेनं गाडी चालवत यायचं, म्हणजे घंटेला आणखी जोर. मी आता येताना काळा गॉगल घालतो. पोरं हसतात, हसू देत. खिडकीला बायकोनं जुन्या जाड चादरीचा पडदा शिवला. भंगारवाल्याच्या भोंग्यावर आणि शेजारच्या कुकरवर माझा इलाज चालत नाही, पण पंखा मोठ्यावर ठेवला तर आवाज निम्मा दबतो.

सगळ्यात मोठा फरक चहानं पडला. कॅन्टीनचा पहाटे साडेचारचा कडक चहा मी कधी सोडला नव्हता. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे नऊच्या सुमारास मी डोळे मिटतो तेव्हा निम्म्याहून जास्त चहा अजून जागा असतो. आता शेवटचा चहा रात्री दोनला. पहिला आठवडा डोकं दुखलं. नंतर सकाळची झोप पावणेसहा तासांपर्यंत आली, आणि संध्याकाळची दीड-दोन तासांची झोप धरून सात पुरी होतात. त्या सातवर मी खूष आहे.

उलटी चूक जास्त वाईट

क्वालिटीत गेजच्या चुका दोन जातीच्या असतात. चांगला पार्ट रिजेक्ट करणं, यात कारखान्याचं नुकसान. आणि खराब पार्ट पास करणं, यात तो पार्ट गिऱ्हाइकाच्या गाडीत जाऊन बसतो. माझ्या शून्याची चूक पहिल्या जातीची होती. दुसऱ्या जातीची बँड कशी करतो ते बघायला मी एक रविवार घालवला. दुपारी दीड ते सव्वादोन पलंगावर पडून, हात न हलवता, रेडिओ ऐकत टक्क जागा राहिलो. बँडनं ४० मिनिटं हलकी झोप दिली. हे मनगटावरच्या यंत्रांचं जुनं दुखणं आहे. झोपलेला माणूस ती बहुतेक बरोबर ओळखतात, गप्प पडून जागा असलेला माणूस त्यांना झोपलेलाच वाटतो. रात्रभर छताकडं बघत पडणाऱ्याला बँड 'सात तास' म्हणतो आणि घरातली माणसं त्याच्यावरच शंका घेतात. अशा वेळी माणसाचं ऐका.

माझा मेव्हणा कसबा बावड्यात राहतो, मार्केट यार्डातून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, टेम्पोनं पोचवतो. त्याच्याकडं माझ्यासारखाच बँड. रोज सकाळी मला स्क्रीनचा फोटो पाठवायचा, "दाजी, आज ८२ मार्क!" त्याच वेळी त्याची बायको माझ्या बायकोला सांगायची की हा माणूस रात्री इतका घोरतो की पोरं दुसऱ्या खोलीत झोपतात, आणि मध्येच घोरणं थांबतं, घर शांत होतं, आणि मग एकदम घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज करून परत सुरू होतं. दिवसा तावडे हॉटेलजवळ वाहतूक तुंबली की हा स्टिअरिंगवरच डुलकी काढायचा. बँडच्या ऑक्सिजनच्या पानावर कधीमधी ८४, ८६ दिसायचं. तो म्हणायचा, पट्टा सैल असंल. मीच त्याला पट्ट्याचं शास्त्र शिकवलं होतं ना!

खरंच पट्टा असू शकतो. मनगटावरचा ऑक्सिजन लाल आणि अदृश्य इन्फ्रारेड प्रकाशाच्या परत येणाऱ्या अंशावरून काढतात, हात अंगाखाली दबला तरी आकडा पडतो, आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरइतका भरवसा त्याचा नसतो. पण घोरणं, मध्येच श्वास थांबलेला दुसऱ्यानं बघणं, दिवसा पेंग आणि गोळीवर असलेलं ब्लडप्रेशर, हे चार एकत्र आले की गेजवर वाद घालत बसायचं नसतं. मी खिशातला टेप काढून त्याच्या गळ्याचा घेर मोजला, ४३ सेंटिमीटर. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारासाठी डॉक्टर जी आठ प्रश्नांची यादी विचारतात तिच्यात ४० च्या वरचा गळा हाही एक प्रश्न आहे, आणि तीन 'हो' आले तरी तपासणीचा विचार करतात. याचे सहा निघाले.

त्याला छातीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. बँडचे ८२ मार्क त्यानं तिथंही दाखवले. डॉक्टरांनी फोन बाजूला ठेवला आणि बायकोला आधी बोलू दिलं. मग रात्रीची तपासणी झाली, नाकाला नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. श्वास किमान दहा सेकंद थांबणं किंवा बराच मंदावणं ही एक घटना, आणि त्या तासाला किती हे मोजतात. पाचच्या आत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. याच्या ३४ निघाल्या. म्हणजे जवळजवळ दर दोन मिनिटांना एकदा. पण हात हलत नव्हता, म्हणून बँडच्या लेखी माणूस शांत झोपलेला.

आता तो सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन, लावून झोपतो. पहिले दहा दिवस मास्कवरून रोज भांडण, नंतर सवय झाली. पोरं परत त्याच्या खोलीत झोपतात आणि तावडे हॉटेलजवळ तो जागा असतो. परवा सकाळी त्याचा फोन आला. आवाजात तक्रार होती.

"दाजी, एवढं मशीन लावून झोपलो, आणि बँड बघा की. ८१ मार्क. एक कमीच झाला."